विरजण कुठे लागतं? मूळपेशींच्या उपचारांचा हिशेब

माणसाच्या शरीरात रोज सुमारे २० हजार कोटी तांबड्या पेशी नव्याने तयार होतात. हे वाक्य वाचून संपेपर्यंत कोटभर झाल्या असतील. तितक्याच रोज मोडीतही निघतात. तांबडी पेशी साधारण १२० दिवस टिकते, प्लेटलेट आठ-दहा दिवस, आणि जंतूंवर तुटून पडणारी न्यूट्रोफिल नावाची पांढरी पेशी रक्तात उतरल्यावर धड एक दिवसही नाही. हा सगळा माल हाडांच्या पोकळीतल्या अस्थिमज्जेत, म्हणजे बोन मॅरोमध्ये तयार होतो. आणि या कारखान्याच्या मुळाशी प्रत्यक्ष काम करणाऱ्या मूळपेशी किती? एका निरोगी माणसाच्या रक्तपेशींतल्या जनुकीय खुणा मोजून २०१८ मध्ये अंदाज बांधला गेला, तो ५० हजार ते दोन लाख एवढाच आहे.

इतक्या थोड्यांवर एवढा पसारा कसा चालतो, ते स्वयंपाकघरात लगेच कळतं. पातेलंभर दुधाला चमचाभर विरजण पुरतं, आणि लागलेल्या दह्यातलं चमचाभर उद्यासाठी काढून ठेवलं की झालं. मूळपेशीचं ढोबळमानाने तेच. ती विभागली की एक पेशी मूळपेशी म्हणून मागे राहते, दुसरी कामाला लागते. त्या दुसरीच्या पिढ्यांवर पिढ्या वाढत जातात आणि शेवटी हजारो तयार पेशी रक्तात उतरतात. स्वतःला राखून ठेवणं आणि गरजेप्रमाणे दुसरं काही बनणं, ही दोन्ही कामं जिला जमतात तीच मूळपेशी.

विरजणाची आणखी एक गोष्ट आहे. ते दुधालाच लागतं. पाण्यात कितीही ढवळा, दही होत नाही. मूळपेशींच्या नावाने आज गुडघेदुखीपासून ऑटिझमपर्यंत जे विकलं जातं, त्यात नेमकी हीच गोष्ट नजरेआड केली जाते. म्हणून विरजण खरोखर लागतं त्या जागा आधी नीट पाहू, बाजाराकडे नंतर वळू.

या उपचारांतल्या मूळपेशींना 'प्रौढ' मूळपेशी म्हणतात, आणि या शब्दाने गोंधळ होतो. त्याचा वयाशी संबंध नाही. काल जन्मलेल्या बाळाच्या मज्जेतल्या मूळपेशीही प्रौढच. भ्रूणाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांतल्या पेशी शरीरातलं काहीही बनू शकतात, तसं या करू शकत नाहीत. रक्ताची मूळपेशी रक्त बनवते, कातडीची कातडी, डोळ्याच्या कडेची बुबुळावरचं आवरण. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या साध्या पेशींना मागे वळवून भ्रूणपेशींसारखं बनवून दाखवलं, तो मार्गही वेगळा. प्रौढ मूळपेशींची ही मर्यादा उपचारात उलट सोयीची ठरते. काहीही बनू शकणारी पेशी नको तिथे गाठही बनवू शकते. एकच काम येणारी पेशी तेवढंच काम करते.

रक्त: जिथे विरजण लागतं

टोरांटोमध्ये टिल आणि मॅकलॉक यांनी १९६१ मध्ये किरणोत्सर्गाने मज्जा नष्ट केलेल्या उंदरांना दुसऱ्या उंदरांची मज्जा दिली, आणि त्यांच्या प्लीहेवर नव्या रक्तपेशींचे गोळे उगवलेले पाहिले. मूळपेशी नावाची वस्तू मोजता येते, हे तिथून पक्कं झालं. माणसांवर डॉनल थॉमस यांचे प्रयत्न त्याआधी, १९५७ पासूनच सुरू होते. पहिले बहुतेक रुग्ण दगावले. १९६८ मध्ये मिनेसोटात जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेल्या एका बाळाला बहिणीची मज्जा दिली गेली आणि ते जगलं. थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल मिळालं. भारतातलं पहिलं बोन मॅरो प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. टाटाचा हा विभाग आता खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये चालतो.

प्रत्यारोपण म्हटलं की ऑपरेशन थिएटर डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात पेशी देण्याचा दिवस, ज्याला वॉर्डात 'डे झीरो' म्हणतात, दिसायला रक्त चढवण्याइतका साधा असतो. स्टँडला पिशवी, छातीजवळच्या मोठ्या शिरेत बसवलेली सेंट्रल लाइन, आणि अर्धा-एक तास. हाडात कोणी सुई घालत नाही. मूळपेशी रक्तातून फिरत आपोआप मज्जेत जाऊन बसतात, कारण मज्जेतल्या पेशी सीएक्ससीएल१२ नावाचं रसायन सोडतात आणि मूळपेशीच्या अंगावर त्यात अडकणारा आकडा असतो, सीएक्ससीआर४. पत्ता पेशीच्या अंगावरच लिहिलेला आहे. हे वाक्य लक्षात राहू द्या. पुढे गुडघ्याकडे आणि मेंदूकडे वळल्यावर ते लागेल.

मूळपेशी गोळा करताना हाच आकडा उलटा वापरतात. जी-सीएसएफ या पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या औषधाचं इंजेक्शन रोज, वजनाच्या किलोमागे १० मायक्रोग्रॅम, चार ते पाच दिवस. मज्जेतली पकड सैल होते आणि मूळपेशी रक्तात येतात. या दिवसांत कंबर आणि छातीचं हाड ठणकतं. ते मज्जा भरल्याचं दुखणं असतं आणि बहुतेकांना पॅरासिटामॉल पुरतं. मग रक्तातल्या सीडी३४ पेशी मोजतात. सीडी३४ ही मूळपेशी ओळखायची खूण. मायक्रोलिटरमागे २० च्या वर असल्या तर निश्चिंत. १० च्या आत असल्या तर प्लेरिक्साफॉर, किलोमागे ०.२४ मिलिग्रॅम, आदल्या रात्री. हे औषध मूळपेशीवरचा तो अडकणारा आकडाच, सीएक्ससीआर४, झाकून टाकतं. लेनॅलिडोमाइड हे मायलोमावरचं औषध बरेच महिने घेतलेल्या किंवा कमरेला रेडिएशन झालेल्या रुग्णांत काउंट कमी येण्याची शक्यता जास्त असते. म्हणून मायलोमाच्या, म्हणजे मज्जेतल्या एका कॅन्सरच्या, रुग्णाला औषधांचे सुरुवातीचे काही कोर्स झाले की लगेच पेशी काढून ठेवण्याकडे डॉक्टरांचा कल असतो.

काढण्याचं काम एफेरेसिसच्या यंत्रावर होतं. एका नळीतून रक्त यंत्रात, यंत्र फिरवून हवा तो थर वेगळा करतं, बाकीचं दुसऱ्या नळीतून परत. चार ते सहा तास लागतात आणि अंगातलं सगळं रक्त दोन-तीनदा यंत्रातून जातं. रक्त गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट शरीरातलं कॅल्शियम पकडतं, म्हणून ओठांभोवती मुंग्या येतात. त्या आल्या की गप्प बसायचं नाही, सांगायचं. कॅल्शियम दिलं की थांबतात.

मात्रा ठरलेली आहे. रुग्णाच्या वजनाच्या किलोमागे किमान २० लाख सीडी३४ पेशी, शक्यतो ४० ते ५० लाख. साठ किलोच्या माणसाला म्हणजे २४ ते ३० कोटी. त्याहून फार कमी पडल्या तर काउंट वर यायला उशीर होतो, आणि प्रत्येक जास्तीच्या दिवसाला जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. विरजण कमी पडल्यावर दही लागायला वेळ लागतो आणि तेवढ्यात दूध नासतं, तसंच.

पेशी लगेच द्यायच्या नसतील तर गोठवतात. पाणी बर्फ होताना पेशी फाटू नये म्हणून डीएमएसओ घालतात, बहुधा १० टक्के, मिनिटाला एक अंश या वेगाने तापमान उतरवतात आणि द्रव नायट्रोजनच्या टाकीत ठेवतात, उणे १९६ अंशांपर्यंत. देताना खाटेजवळ ३७ अंशांच्या पाण्यात वितळवून लगेच चढवतात. डीएमएसओ श्वासावाटे बाहेर पडतं आणि खोलीला दिवसभर लसणासारखा वास राहतो. नातेवाईक दचकतात, त्यात दचकण्यासारखं काही नाही. भारतात मायलोमाच्या बऱ्याच रुग्णांसाठी गोठवण्याची पायरी टाळलीही जाते. पेशी देण्याआधीचं मेल्फालान हे कॅन्सरचं औषध एका दिवसात देऊन होतं, म्हणून पेशी ब्लड बँकेच्या फ्रीजमध्ये ४ अंशांवर दोन-तीन दिवस ठेवून वापरता येतात. खर्च वाचतो, आणि वासही.

स्वतःच्या पेशी आणि दुसऱ्याच्या पेशी

मायलोमात किंवा काही लिम्फोमांत, म्हणजे लसीकाग्रंथींच्या कॅन्सरांत, रुग्णाच्या स्वतःच्याच पेशी वापरतात. इथे एक गैरसमज हटकून होतो. कॅन्सर मूळपेशींनी बरा होत नाही. तो औषधाने मरतो. मेल्फालान शरीराच्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरमागे २०० मिलिग्रॅम इतकं द्यायचं तर मज्जाही जळून जाते. आधी काढून ठेवलेल्या पेशी ती मज्जा परत उभी करतात. उपचार मेल्फालानचा, पेशी म्हणजे खाली धरलेलं जाळं. औषध चालू असताना तोंडात बर्फाचे तुकडे धरायला सांगतात. तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, तिथे औषध कमी पोचतं आणि तोंड कमी येतं. एवढा स्वस्त आणि सिद्ध झालेला उपाय वैद्यकात क्वचितच सापडतो.

ल्युकेमिया, अप्लास्टिक अ‍ॅनिमिया, थॅलेसेमिया यांत मज्जाच बिघडलेली असते. तिथे दुसऱ्याच्या पेशी लागतात आणि खरी गुंतागुंत इथून सुरू होते. पेशींवर एचएलए नावाची ओळखपत्रं असतात. नेहमी ए, बी, सी, डीआरबी१ आणि डीक्यूबी१ ही पाच पाहतात. प्रत्येकाची एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून, म्हणून 'दहापैकी दहा मॅच' असं म्हणतात. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के. दोन भावंडं असतील तर त्यांतलं निदान एक जुळण्याची शक्यता ४४ टक्के, तीन असतील तर ५८. घरं लहान झाली तशी ही शक्यताही घटली. आई-वडील निम्मेच जुळतात. रक्तगट जुळणं मात्र गरजेचं नाही. बी पॉझिटिव्ह माणसाला ओ पॉझिटिव्ह डोनर चालतो आणि काही महिन्यांनी रुग्णाचा रक्तगटच ओ होतो.

घरात मॅच नसेल तर रजिस्ट्री. जगभरच्या रजिस्ट्र्यांत मिळून चार कोटींवर डोनर आहेत, पण त्यांत युरोपीय वंशाचे जास्त, आणि एचएलए वंशाशी बांधलेलं असतं. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये वाढलेल्या मराठी माणसाला मॅच मिळण्याची जास्त आशा भारतीय डोनरांमध्येच असते. भारतात दात्रीसारख्या रजिस्ट्र्यांत काही लाख नावं आहेत, देशाच्या मानाने किरकोळ. नाव नोंदवायला गालाच्या आतून कापूस फिरवला की झालं. एक गोष्ट मात्र नोंदवतानाच ठरवावी. रुग्णाची मज्जा औषधांनी नष्ट करायला सुरुवात झाल्यावर डोनरने माघार घेतली, तर रुग्ण स्वतःच्या मज्जेविना उरतो.

मॅच नसला की पूर्वी दार बंद व्हायचं. आता निम्मा जुळणारा डोनर, म्हणजे आई, वडील, मूल किंवा अर्धं जुळणारं भावंड, चालतो, आणि त्यामागची युक्ती सुरेख आहे. पेशी दिल्यावर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड, किलोमागे ५० मिलिग्रॅम. डोनरच्या ज्या टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, रुग्णाच्या शरीराला परकं समजून चवताळतात, त्या नेमक्या याच दिवसांत झपाट्याने विभागत असतात आणि हे औषध विभागणाऱ्या पेशी मारतं. मूळपेशी मात्र वाचतात, कारण या औषधाला निष्प्रभ करणारं विकर त्यांच्यात भरपूर असतं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये ही पद्धत घडली आणि आज भारतातही ती रुळली आहे.

मज्जा थेट हाडातूनही काढतात. डोनरला भूल देऊन कमरेच्या मागच्या हाडातून, डोनरच्या वजनाच्या किलोमागे १० ते २० मिलिलिटर. एका जागेतून एका वेळी पाचेक मिलिलिटरच ओढतात, जास्त ओढलं की नुसतं रक्त येऊन मज्जा पातळ होते. थॅलेसेमिया आणि अप्लास्टिक अ‍ॅनिमियात बरेच डॉक्टर मज्जाच पसंत करतात. यंत्राने गोळा केलेल्या पिशवीत टी-पेशी कितीतरी जास्त असतात आणि त्या पुढे त्रास देतात.

काय बिघडतं, आणि का

डे झीरोनंतर पहिल्यांदा न्यूट्रोफिल संपतात, मग प्लेटलेट, मग हिमोग्लोबिन उतरतं. वर सांगितलेल्या आयुष्यमानाचाच हा क्रम. स्वतःच्या पेशी असतील तर साधारण १० ते १४ दिवसांत काउंट परततो, दुसऱ्याची मज्जा असेल तर तीन आठवड्यांच्या आसपास. न्यूट्रोफिल सलग तीन दिवस मायक्रोलिटरमागे ५०० च्या वर राहिले की 'पेशी लागल्या' असं म्हणतात.

मधला काळ बिनपहाऱ्याचा. ताप १०१ च्या पुढे गेला किंवा १००.४ वर तासभर टिकला की तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं, कल्चरचा रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं नाही. खोलीची हवा हेपा फिल्टरमधून येते, कारण अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीचे कण धुळीत असतात आणि शेजारी बांधकाम चालू असलं तर फार असतात. घरी गेल्यावरही कुंडीतली माती उकरायची नाही, तुळशीचीसुद्धा. कच्ची कोशिंबीर, बाहेरची चटणी, उघड्यावरचा उसाचा रस बंद. आणि हो, घरी लावलेलं दहीही बहुतेक ठिकाणी काही काळ बंद असतं. जिवंत जिवाणूंनी भरलेला पदार्थ आहे तो.

दुसऱ्याच्या पेशींचा खास आजार म्हणजे जीव्हीएचडी. एरवी अवयव बसवला की शरीर त्या अवयवाला नाकारतं. इथे उलटं होतं: आलेली प्रतिकारशक्ती यजमान शरीरालाच नाकारते. पहिल्या काही महिन्यांत तळहात-तळपायांवर पुरळ, पाण्यासारखे जुलाब, कावीळ, म्हणजे कातडी, आतडं आणि लिव्हर. पुढे जुनाट रूप आलं तर डोळे आणि तोंड कोरडं पडतं, कातडी ताठरते, फुप्फुसं आकसतात. पण याच भांडकुदळ टी-पेशी उरलेल्या कॅन्सरपेशीही मारतात. तंतोतंत सारख्या जुळ्या भावाच्या पेशी दिल्या तर जीव्हीएचडी होत नाही, पण ल्युकेमिया परतण्याचं प्रमाण वाढतं. थोडं भांडण हवं, फार नको. ते तोलणं हेच या विषयातल्या डॉक्टरांचं कसब.

पेशी न लागणं हाही धोका आहे, आणि त्याची एक मुळी प्रत्यारोपणाच्या कितीतरी आधी रुजते. वरचेवर रक्त चढवलेल्या रुग्णाचं शरीर परक्या पेशी ओळखायला शिकतं. म्हणून अप्लास्टिक अ‍ॅनिमियाच्या रुग्णाला भावाबहिणींचं किंवा आईवडिलांचं रक्त चढवू नये. आपल्याकडे ब्लड बँक बदली रक्तदाता मागते आणि घरचेच पुढे होतात. त्यांनी रक्तदान खुशाल करावं, पण ती पिशवी याच रुग्णाला लागणार नाही याची खात्री करून घ्यावी. चढवायची पिशवी पांढऱ्या पेशी गाळलेली असावी आणि प्रत्यारोपणाच्या काळात किरणोत्सर्ग दिलेली असावी.

थॅलेसेमियात वेळ सर्वांत महत्त्वाची. महाराष्ट्रात सिंधी, लोहाणा, भानुशाली अशा समाजांत वाहक जास्त आढळतात. लिव्हर दोन सेंटिमीटरपेक्षा वाढलेलं नसेल, त्यात व्रण नसतील आणि वरचेवर रक्त चढवून साचलेलं लोह उतरवणारं औषध नियमित घेतलं असेल, तर जुळणाऱ्या भावंडाच्या मज्जेने दहापैकी आठ-नऊ मुलं बरी होतात. दहा वर्षं 'बघू पुढे' करत घालवली की हे आकडे खाली येतात. कोल इंडियाच्या निधीतून २०१७ पासून अशा मुलांसाठी दहा लाखांपर्यंत मदत मिळते. मुंबईत बोरिवलीला महापालिकेचं खास केंद्र आहे. इथे डोनरच्या पेशी शंभर टक्के लागायलाच हव्यात असंही नाही. वीस-तीस टक्के मज्जा डोनरची झाली तरी रक्त चढवणं थांबू शकतं.

डोनरच नको, रुग्णाच्याच मूळपेशी काढून त्यांतलं जनुक दुरुस्त करून परत द्यायचं, हा पुढचा टप्पा सुरू झाला आहे. सिकल सेल आणि थॅलेसेमियासाठी कॅसजेव्ही हा उपचार ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झाला. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर. विदर्भातल्या आणि नंदुरबारच्या सिकल सेलच्या गावांत हा आकडा नुसता ऐकायला आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने हिमोफिलियाच्या पाच रुग्णांवर याच धर्तीचं काम केलं, ते २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालं. दोन्हींत मज्जा आधी औषधाने रिकामी करावीच लागते. नवं विरजण घालायचं तर पातेलं घासून घ्यावं लागतं, ते काही सुटत नाही.

डोळा आणि कातडी

बुबुळाच्या काळ्या-पांढऱ्या सीमेवर लिंबस नावाची बारीक कड असते. तिथल्या मूळपेशी बुबुळावरचं पारदर्शक आवरण सतत नवं करतात. चुना किंवा आम्ल डोळ्यात गेलं की ही कड जळते, पांढऱ्या भागावरचं आवरण बुबुळावर चढतं आणि दिसेनासं होतं. तंबाखूसोबतच्या चुन्याची पुडी हातात फुटून डोळा गमावलेली मुलं भारतातल्या नेत्ररुग्णालयांना नवी नाहीत. नुसतं बुबुळ बदलून उपयोग होत नाही, आवरण पुरवणारी कडच नसते.

हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये यावर एक साधा मार्ग मांडला. चांगल्या डोळ्याच्या कडेतून दोन बाय दोन मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याचे आठ-दहा कण करायचे आणि जळलेल्या डोळ्यावर गर्भवेष्टनाचा पडदा पसरून त्यावर फायब्रिनच्या डिंकाने चिकटवायचे. प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचा खर्च नाही. सुमारे तीन चतुर्थांश डोळ्यांत बुबुळावरचं आवरण टिकतं. इटलीतल्या संशोधकांनी पेशी प्रयोगशाळेत वाढवून हेच केलं, तेव्हा एक बोलका आकडा हाती आला. वाढवलेल्या पेशींत खऱ्या मूळपेशी तीन टक्क्यांहून जास्त असतील तर यश ७८ टक्के, कमी असतील तर ११ टक्के. पिशवीवर 'स्टेम सेल' लिहिलंय म्हणून भागत नाही. आत किती आहेत ते मोजावं लागतं.

कातडीचंही असंच. २०१५ मध्ये जर्मनीत एका सात वर्षांच्या मुलाची जन्मजात आजाराने गेलेली जवळजवळ ८० टक्के कातडी, जनुक दुरुस्त केलेल्या त्याच्याच पेशींपासून उगवून बसवली गेली.

मग गुडघा, हृदय, मेंदू?

जाहिरातींत जी पेशी असते ती बहुतेक वेळा मेसेंकायमल पेशी, पोटाच्या चरबीतून, मज्जेतून किंवा नाळेतून काढलेली. तिला मूळपेशी हे नाव आर्नल्ड कॅप्लन यांनी १९९१ मध्ये लोकप्रिय केलं, आणि २०१७ मध्ये त्यांनीच लिहिलं की ते बदला. शिरेतून दिल्यावर यांतल्या बहुतांश पेशी फुप्फुसांच्या बारीक वाहिन्यांत अडकतात आणि काही दिवसांत मरतात. मज्जेसारखा पत्ता यांच्या अंगावर नाही. त्या जे स्राव सोडतात त्यांनी दाह कमी होऊ शकतो, आणि तेवढं खरोखर कामाचं ठरलं ते जीव्हीएचडीत. स्टिरॉइडला दाद न देणाऱ्या लहान मुलांसाठी अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये असा एक उपचार मंजूर झाला, किलोमागे २० लाख पेशी, आठवड्यातून दोनदा, चार आठवडे.

गुडघ्याबाबत २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ४७५ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. मज्जेचा अर्क, चरबीतल्या पेशी, नाळेतल्या पेशी, तिन्हींची तुलना साध्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनशी केली. वर्षानंतर वेदनेत एकही वरचढ निघाली नाही. बंगळुरूच्या एका कंपनीच्या मज्जापेशींना गुडघ्यासाठी भारतात औषध म्हणून परवानगी आहे, म्हणजे दुखणं कमी करण्याचा दावा तपासला गेला आहे. पण झिजलेली गादी पुन्हा उगवते असं समजून कोणी जाऊ नये.

हृदयाची गोष्ट याहून वाईट. हृदयात मूळपेशी सापडल्याच्या दाव्यावर वर्षानुवर्षं संशोधन चाललं. २०१८ मध्ये हार्वर्डने त्या प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत असं नियतकालिकांना कळवलं.

'निरुपद्रवी तर आहे ना, करून पाहू' असं म्हणणाऱ्यांसाठी: फ्लोरिडात तीन वयस्क बायकांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीतल्या पेशी टोचल्या, तिघींची दृष्टी गेली, २०१७ मध्ये त्याची वैद्यकीय नोंद झाली. पक्षाघातानंतर वेगवेगळ्या देशांत पाठीच्या कण्यात पेशी टोचून घेतलेल्या एका माणसाच्या कण्यात दुसऱ्याच माणसाच्या पेशींची गाठ वाढली.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये, म्हणजे प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरच उलटते त्या आजारात, मात्र मूळपेशींचा खरा फायदा दिसतो, आणि त्याच बातमीचा सर्वांत जास्त गैरवापर होतो. तिथे आधी औषधांनी बिथरलेली प्रतिकारशक्ती पुसून टाकतात, मग रक्ताच्या मूळपेशींनी नवी उभी करतात. मज्जातंतू कोणी दुरुस्त करत नाही. क्लिनिकच्या खुर्चीत बसून घेतलेल्या एका इंजेक्शनशी त्याचा काही संबंध नाही.

नाळेचं रक्त साठवण्याबद्दल बाळंतपणाच्या आधीच फोन येतात. पॅरिसमध्ये १९८८ मध्ये नाळेच्या रक्ताने पहिलं प्रत्यारोपण झालं हे खरं. पण ते बहिणीच्या नाळेतलं होतं. थॅलेसेमिया असलेल्या बाळाच्या स्वतःच्या नाळेत तोच दोष असतो. शिवाय एका नाळेतलं रक्त मोठ्या माणसाला बहुधा पुरत नाही. स्वतःच्या भविष्यासाठी खासगी बँकेत ते साठवावं अशी शिफारस आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, करत नाही. घरात आधीच असं मूल असेल ज्याला भावंडाच्या मूळपेशी लागणार आहेत, तेव्हा मात्र पुढच्या बाळंतपणाआधी रक्तविकारतज्ज्ञाशी बोलावं.

आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार भारतात नेहमीचा उपचार म्हणून मान्य आहे ते ठरावीक आजारांतलं रक्ताच्या मूळपेशींचं प्रत्यारोपण. औषध म्हणून स्वतंत्र मंजुरी मिळालेली मोजकी उत्पादनं सोडली तर बाकी सगळं संशोधन, म्हणजे क्लिनिकल ट्रायलमध्येच. ऑटिझमसाठी या पेशी देऊ नयेत असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीती मंडळाने २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं. तेव्हा कोणी पॅकेज पुढे केलं तर आधी विचारावं: पेशी कुठून काढणार, किलोमागे किती देणार, त्या कुठे जाऊन बसतात आणि बसल्या हे कोणत्या तपासणीत दिसेल. रक्तविकाराचा डॉक्टर यांतल्या प्रत्येकाचं उत्तर आकड्यात देतो. 'आमची ट्रायल चालू आहे' असं उत्तर आलं तर सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या क्लिनिकल ट्रायलच्या नोंदवहीतला, क्रमांक मागून घ्या, तो सरकारी संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतो. आणि ट्रायलमधल्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात.